कसं लागतंय, सांग ना

भर बाजारात एक माणूस खरबूज कानाला लावून उभा होता… अगदी फोन लावावा तसं! अंगात इस्त्रीचा शर्ट, डोळे मिटलेले, मान किंचित कललेली. बघता बघता तिचे पाय जागच्या जागी थबकले.

या वस्तीत राहायला येऊन तिला जेमतेम आठवडा झाला होता, आणि आठवडाभर तिला नुसते धक्केच बसत होते. कोपऱ्यावरच्या दुकानातलं दूध तापवताच नासलं. पाव आणला, तर तो सुरीला दाद देईना. ज्या हॉटेलच्या पाटीवर ‘अगदी घरच्यासारखं’ असं लिहिलं होतं, तिथलं ऑम्लेट काट्याने दाबलं की परत वर उसळायचं. ती प्राण्यांची डॉक्टर. नव्या नोकरीत दिवसभर कुत्र्या-मांजरांची दुखणी निस्तरायची आणि संध्याकाळी परक्या गल्ल्यांतून उपाशीपोटी भटकायचं, असं तिचं चाललं होतं.

तिला राहवेना. “काय म्हणतंय?” तिने विचारलं.

त्याने एकच डोळा उघडला. “म्हणतंय, घाई करू नका. अजून तयार नाही.” ते खरबूज ढिगावर ठेवून त्याने दुसरं उचललं, टिचकी मारली, ऐकलं आणि सरळ तिच्या पिशवीत घातलं. वर तिच्या पिशवीतल्या शेंगा बाहेर काढल्या!

“अहो! हे काय?”

“एक मोडून बघा.”

तिने शेंग वाकवली. ती मुकाट्याने वाकली.

“गप्प बसली ना? ताजी शेंग अशी गप्प बसत नाही.” शेजारच्या टोपलीतली एक उचलून त्याने ती तिच्या कानाजवळ मोडली. कट्! तिच्या मानेवर सर्रकन काटा आला… आता तो आवाजाने आला, की त्याची बोटं तिच्या बटांना लागली म्हणून, हे तिने स्वतःलाही विचारलं नाही.

“तुम्ही भाजीशी नेहमी असंच बोलता?”

“बोलत नाही. ऐकतो. धंदाच आहे माझा.”

बाजारामागच्या रस्त्यावर त्याचा दवाखाना होता. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांचे कान तपासायचे, यंत्र बसवून द्यायचं, हे त्याचं काम. तिने मनातल्या मनात त्याचं नावच ठेवून टाकलं — कानवाला.

त्यानंतर वस्ती तिच्यापुढे उलगडत गेली. लाँड्रीच्या मागे एक बेकरी होती, बाहेरून पाहणाऱ्याला पत्ताही लागणार नाही अशी. तिथला पाव कानवाला बोटाने दाबायचा आणि कवच कुरकुरलं की हसायचा. अंडी हलवून बघायला त्यानेच शिकवलं. आत डुचमळलं की परत ठेवायचं. आणि हॉटेल? त्याची युक्ती ऐकून ती थक्कच झाली.

“दाराशी उभं राहायचं,” तो म्हणाला, “आणि आतल्या टेबलावर ताटं येताना कान द्यायचा. बोलणं थांबलं, तर आत जायचं. चालूच राहिलं, तर पुढचं दार.”

अशाच एका दारातून तो तिला आत घेऊन गेला. चार टेबलांची खाणावळ. काका स्वयंपाक करायचे, काकू वाढायच्या, आणि दोघं गिऱ्हाइकांदेखत एकमेकांशी हुज्जत घालायची. माशाचा रस्सा आला आणि अख्खी खाणावळ चिडीचूप झाली. काकासुद्धा!

कानवाल्याने मात्र चमचा उचलला नाही. हनुवटी तळहातावर टेकवून तो तिच्याकडे बघत राहिला.

“आधी तू. कसं लागतंय, सांग ना.”

तो ‘तू’ असा अलगद आला की तिला ठसकाच लागला. “छान… छान आहे.”

“छान म्हणजे? छान तर हवासुद्धा असते.”

“म्हणजे…” ती गोंधळली, पुन्हा एक घोट घेतला, डोळे मिटले. “उन्हात वाळलेल्या चादरीत तोंड खुपसावं ना… तसं. ऊबदार. आणि मागून कुठूनतरी लिंबाची साल.”

त्याने मग घास घेतला. सावकाश, तिचे शब्द चघळत असल्यासारखा. त्याचे डोळे इतके चमकले की तिने नजर खाली वळवली आणि उगाचच पाव मोडत बसली.

मग हा खेळच झाला. तो जागा शोधायचा, ती चव सांगायची. आजवर उभ्या उभ्या चार घास पोटात ढकलणारी ही बाई आता रस्त्याने चालताना सुरणाला, संत्र्याला, मुरलेल्या चीजला उपमा शोधू लागली. नव्या जागी जाताना संध्याकाळच्या बसमध्ये तो तिच्या शेजारी बसायचा. हेही तिच्या दृष्टीने नवलच. दिवसभर ओली कुत्री हाताळल्यावर तिच्या कपड्यांना जो दर्प यायचा, त्याने शेजारचे लोक हळूच उठून जायचे. हा एकटा तिला खेटून बसायचा, खुशाल, खिडकीतून येणारा वारा तोंडावर घेत. माणूस असावा तर असा, तिला वाटायचं.

शेवटी एका रविवारी तिने त्याला जेवायला बोलावलं. टोमॅटोचं सूप, बेकरीतला पाव, बस. सूप उकळत असताना फोन आला. कुणाच्या तरी मांजरीने सुईदोरा गिळला होता. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरून तिने सूचना दिल्या आणि एका हाताने फळीवरच्या बाटलीतला सॉस भसकन ओतला. घरात गोडसर वास दरवळला. शेजारी केक भाजताहेत वाटतं, असं म्हणत तिने ताटल्या मांडल्या.

तो आला. एक वाडगं सूप संपवलं, दुसरं मागून घेतलं. “मस्त झालंय! अगदी मस्त!”

ती हरखली. त्याच्यासमोरच आईचा फोन आला, तेव्हा तिने मिरवलं, “आई, माझं सूप कोणीतरी परत मागून घेतलं!”

पलीकडून आईचा काळजीचा आवाज आला, “मुलाची तब्येत बरी आहे ना गं?”

“आई!” तिने हसत फोन ठेवला, आपलं वाडगं जवळ ओढलं आणि पहिला चमचा तोंडात घातला.

तोंडात टोमॅटो होता, लसूण होती… आणि आईस्क्रीम होतं. चक्क आईस्क्रीम! तिने फळीकडे बघितलं. सॉसची बाटली भरलेली होती. तिच्याच रंगाची व्हॅनिला इसेन्सची बाटली मात्र रिकामी.

तिने हळूच चमचा खाली ठेवला. “कसं लागतंय, सांग ना,” आज पहिल्यांदा तिने त्याला विचारलं.

तो थबकला. चमचा हवेतच राहिला. “छान… आहे की.”

“छान तर हवासुद्धा असते. काय लागतंय सुपात?”

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग वाडग्याकडे. कानांच्या पाळ्यांपासून तो लाल होत गेला.

“मला वास येत नाही,” तो म्हणाला. “गेल्या वर्षी ताप आला होता. ताप उतरला, नाक गेलं. खारट, गोड, आंबट कळतं जिभेला. बाकी सगळं… भिजलेला कागद.”

तिच्या डोक्यात काहीतरी धाडकन आपटलं. एकामागोमाग एक सगळंच पडू लागलं. “म्हणजे तो रस्सा? ते संत्रं? ते सगळं?”

“तू सांगायचीस, तेवढंच माझ्यापर्यंत पोचायचं.”

“आणि बसमध्ये माझ्या शेजारी बसायचास ते?”

“त्याचं काय?”

“लोक उठून जायचे रे!”

“हो?” तो खरोखरच चकित झाला. “मला वाटायचं, त्यांचा स्टॉप आला.”

एरवी ती खो खो हसली असती. आता तिचे डोळे भरून आले. या माणसाने आपल्याला आपल्या वासासकट, आपल्या बिघडलेल्या स्वयंपाकासकट आपलंसं केलं, असं ती समजत होती. आणि मुळात त्याला त्यातलं काही कळतच नव्हतं!

“आधी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तूही चव सांगायची थांबली असतीस. ज्यांना ज्यांना सांगतो, ते थांबतात.”

“मग माझं तुला आवडलं तरी काय? फुकटची जीभ मिळाली, एवढंच ना?” रागावली की तिचा आवाज चढायचा नाही, खाली खाली उतरायचा. “जा तू. जा आता.”

तो काहीतरी बोलणार होता. पण तिने दार उघडून धरलं, आणि तो गेला.

मग ती त्याची गल्ली टाळू लागली. लांबच्या दुकानातून भाजी आणली, आणि शेंग मोडताना कानाजवळ नेली म्हणून स्वतःवरच चिडली. एक नवं हॉटेल शोधलं. ताटं आली तरी तिथल्या टेबलांवरचा कलकलाट तसाच चालू! पुढचं दार, असं तिच्या मनात आलं आणि घास तोंडात फिरू लागला. शेवटी पाय तिला काकूंच्या खाणावळीत घेऊन गेले.

“भांडलीस म्हणे,” काकूंनी ताट ठेवता ठेवता विषय काढला. “नाकाचं कळलं का एकदाचं?”

ती उडालीच. “तुम्हाला ठाऊक होतं?”

“अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे! बेकरीवाल्याला, अंडीवाल्याला. आधी आम्ही विचारायचो बिचाऱ्याला, कसं झालंय म्हणून. कळल्यावर विचारणंच सोडलं. कशाला जखमेवर मीठ?” काकू समोरच्या खुर्चीवर टेकल्या. “काल इथेच बसला होता. रस्सा मागवला, आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत पुटपुटत खातोय. म्हटलं, काय रे? तर म्हणतो, काकू, उन्हात वाळलेल्या चादरीसारखा झालाय. मागून लिंबाची साल. आमचे हे असे खवळले… माझ्या रश्श्याला चादर म्हणतो!”

तिने चमचा ठेवला. रस्सा तसाच टाकून ती उठली आणि चालू लागली.

त्याच्या दवाखान्यात गर्दी होती. बाकावर सगळी म्हातारी मंडळी. मदतनीस बाईंनी तिला वर-खाली न्याहाळलं. “तक्रार काय?”

“नीट ऐकून घेतलं नाही मी,” ती म्हणाली.

तपासणीची खोली म्हणजे काचेची एक लहानशी पेटीच होती. दार लागलं आणि जगाचा आवाज बंद झाला. तिने कानांवर हेडफोन चढवला, हातात बटण घेतलं. काचेपलीकडे तो येऊन बसला, मान वर केली, आणि त्याच्या हातातलं पेन खाली पडलं.

मग त्याने माईक जवळ ओढला.

“ऐकू आलं… की बटण दाबायचं,” तो चाचरत म्हणाला.

तिने बटण दाबलं. त्याच्यापुढच्या यंत्रावर हिरवा दिवा लागला.

“तू विचारलं होतंस, काय आवडलं.” त्याचा आवाज थेट तिच्या कानात, इतका जवळ की तिने श्वास धरला. “तू कुत्र्यांना ‘अहो’ म्हणतेस. बसमध्ये एकदा फोनवर म्हणालीस, अहो, असं चावायचं नसतं.”

दिवा लागला.

“मासा समोर आला की आधी ‘बिचारा’ म्हणतेस, आणि मग सगळा संपवतेस.”

दिवा लागला.

“रागावलीस की तुझा आवाज खाली उतरतो. दिवसभर माणसांचे आवाज ऐकतो मी. असा दुसरा नाही ऐकला.” तो थांबला. घसा खाकरला. “उद्या माझं नाक परत आलं, तुझा तो वास मला आला, तरी मी तुझ्याच शेजारी बसेन. मला तू आवडतेस. माझ्याशी लग्न करशील?”

दिवा लागला नाही.

ती सुन्न झाली होती. एवढं सरळ, एवढ्या लवकर! अंगठा बटणावर होता, पण तो तिचा आहे असं तिला वाटेना. काचेपलीकडे त्याचा चेहरा पडला. त्याने घाईघाईने आवाजाचं बटण फिरवलं, माईक आणखी जवळ घेतला.

“लग्न करशील का?”

काही नाही. तिला मान हलवायचंही सुचेना.

“माझ्याशी! लग्न! करशील का?” तो आता खुर्चीतून उठून ओरडत होता.

त्याच्या पाठीमागचं दार उघडलं आणि मदतनीस बाईंनी आत डोकं खुपसलं. माईक चालूच होता, त्यामुळे त्यांचं बोलणंही हेडफोनमध्ये ऐकू आलं. “डॉक्टर, बाहेरच्या आजोबांनासुद्धा ऐकू गेलं! आणि ते तर यंत्र घरी विसरून आलेत! या बाईंनाच तेवढं नाही का ऐकू येत?”

ती दचकली. आणि अंगठ्याचा सगळा जोर लावून तिने बटण दाबलं.

हिरवा दिवा लागला. तिने बटण सोडलंच नाही. तो धडपडत तिच्या पेटीचं दार उघडायला धावला तेव्हाही, रिकाम्या खुर्चीसमोर तो दिवा तसाच जळत होता.