बाहेरून लागलेली कडी

हे खरं घडलंय. ज्यांना पटणार नाही त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. माझ्या सख्ख्या मावशीवर ही वेळ आली होती, आणि कुणाचंही नाव घालायचं नाही या एकाच अटीवर तिने मला हे लिहू दिलंय.

मंगळवार होता. कडक उन्हाळा. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं...

भुतंखेतं रात्रीच येतात, असं कोणी सांगितलं?

पण आधी थोडं मागचं.

मावशी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तपासणीसाठी रक्त काढते. वीस वर्षं झाली. हात इतका हलका की पोरं तिला 'मुंगीमावशी' म्हणतात. मुंगी चावल्याएवढंच दुखतं म्हणून.

सेहेचाळिसावं लागलं आणि तिचं काहीतरी बिनसलं.

पाळी कधी वीस दिवसांत, कधी दोन-दोन महिने पत्ता नाही. पहाटे चारला झोप उडायची ती उडायचीच. काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, नुसता पेला आपटला तरी तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ओठांवर आलेले शब्द निसटायचे. एकदा तर 'कापूस' हा शब्द आठवेना. वीस वर्षं रोज हातात असलेला कापूस!

आणि उकाडा. छातीतून उठायचा, मानेवरून डोक्यात चढायचा. दोन मिनिटांत कपडे ओलेचिंब. बाजूची माणसं मात्र पंखा कमी करा म्हणत असायची.

हे सगळं ती एकाच माणसाला सांगायची. माझ्या आईला.

आई तिच्याहून अकरा वर्षांनी मोठी. मावशी चार वर्षांची असताना आजी गेली. हृदय बंद पडून, असं आम्हाला सांगितलं होतं. तेव्हापासून आईनेच तिला वाढवलं. मावशीसाठी ताईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

पहिल्यांदा ते लॅबमध्ये झालं.

समोर एक आजोबा. दंडाला पट्टा बांधलेला, सुई मावशीच्या हातात. तेवढ्यात तो उकाडा चढला. डोळ्यांत घाम उतरला. हात थरथरला.

आणि मानेवर...

फू.

थंड. हलकी. खरचटलेल्या गुडघ्यावर आई घालते ना, तशी फुंकर.

हात स्थिर झाला. सुई बरोब्बर शिरेत गेली.

मावशीने वळून पाहिलं.

मागे भिंत होती.

त्यानंतर दर वेळी तसंच. उकाडा चढला की फुंकर. एकदा बंद लिफ्टमध्ये, ती एकटी असताना. घामाने चिकटलेल्या बटा मानेवरून उचलल्या जायच्या...

शेवटी ती हॉस्पिटलमधल्याच डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी थायरॉइड तपासलं, रक्त कमी आहे का ते पाहिलं. मग म्हणाल्या, हा पेरिमेनोपॉज. पाळी कायमची थांबण्याआधीची काही वर्षं. शरीर गडबडतं, डोकं ठिकाणावरच असतं. एक वही करायला सांगितली. उकाडा कधी येतो, किती वेळ राहतो, त्याआधी काय खाल्लं-प्यायलं, झोप किती झाली, पाळीची तारीख, सगळं लिहायचं. दुपारनंतर चहा-कॉफी बंद, रोज चालायचं, थोडं वजन उचलायचं. महिन्याभरात फरक पडला नाही तर औषधं आहेत, अंगावर काढू नका, असंही बजावलं.

मावशी हलकी होऊन घरी आली. आपल्याला वेड लागत नाहीये, एवढंच तिला कुणाकडून तरी ऐकायचं होतं.

फुंकरीचं मात्र ती वहीत लिहू शकली नाही. ते तिने ताईला सांगितलं. फक्त ताईला.

आईचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाली, "आणखी कुणाकडे बोलू नकोस."

मग तो मंगळवार.

दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता, म्हणून मावशी अर्धी रजा टाकून घरी आली आणि वरच्या खोलीत झोपली. तीन वाजून दहा मिनिटांनी जाग आली. छातीत तोच जाळ. तोंडावर पाणी मारावं म्हणून ती दाराशी गेली.

दार उघडेना.

उशाशी ठेवलेला फोन नव्हता.

बाहेरून कुजबुज आली... एक आवाज काकांचा. दुसरा तिने झोपेतही ओळखला असता.

"चार दिवस वरच ठेवा," माझी आई सांगत होती. "चारचौघांत बोभाटा नको. आमच्या बाबांनीही आईला असंच सांभाळलं होतं."

मावशी म्हणते, त्या क्षणी उकाडा, घाम, काही जाणवेना. ज्या मांडीवर आपण डोकं ठेवून वाढलो, तिनेच केसाने गळा कापला, एवढंच कळत होतं.

तिने हाका मारल्या नाहीत. मानेवरच्या फुंकरीची वाट पाहत उभी राहिली.

ती आली नाही.

आली ती दाराखालच्या फटीतून. बाहेरून आत. तिच्या पायाच्या बोटांवर...

फू.

मग कडी सरकली. सावकाश. गंजलेल्या लोखंडाचा तो आवाज तिच्या कानातून अजून जात नाही.

ताईला उपरती झाली, असं तिला वाटलं.

दार उघडलं. काका आणि माझी आई दाराजवळ नव्हते. सात-आठ पावलांवर, जिन्याच्या तोंडाशी उभे होते. दोघंही कडीकडे बघत होते.

काका कसेबसे बोलले, "ताई म्हणाल्या म्हणून मी..."

मावशीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"ताई, आई कशाने गेली?"

माझी आई पायरीवर बसली. मग सगळं बाहेर आलं. आजीलाही असाच उकाडा व्हायचा. ती रडायची, चिडायची, भर दुपारी पदर फेकून द्यायची. घरात सगळे म्हणाले, हिचं डोकं फिरलं. आजोबांनी तिला वरच्या खोलीत ठेवलं. दुपारची कडी लावायचं काम माझ्या आईचं. ती तेव्हा पंधरा वर्षांची होती.

"तू दाराशी पालथी पडायचीस," आई म्हणाली. "फटीतून आत फुंकर घालायचीस. आईला गरम होतंय म्हणायचीस. एवढीशी होतीस... परवा तू फुंकरीचं बोललीस आणि मला वाटलं, तुझंही आईसारखंच होणार."

मावशीला यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

"मी फक्त तुला सांगितलं होतं, ताई," ती म्हणाली. बास, एवढंच. पिशवीत दोन कपडे आणि वही टाकून ती मैत्रिणीकडे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मुंगीमावशी लॅबमध्ये हजर. डॉक्टरीणबाईंनी वही पाहून औषधं सुरू केली. तीन महिन्यांत झोप परतली, उकाडा खूप कमी झाला. काकांनी खूप नाक घासलं तेव्हा ती घरी गेली. पहिल्याच दिवशी पेचकस घेऊन तिने घरातल्या दारांच्या बाहेरच्या कड्या स्वतः काढल्या.

फुंकर त्या मंगळवारनंतर परत आली नाही. मावशीला त्याचं वाईट वाटतं. माझ्या आईशी ती बोलत नाही.

गेल्या महिन्यात मी आईला विचारलं, आजी गेली त्या दुपारी कडी लावलेली होती का?

"लावली होती. मीच. आणि खेळायला गेले."

"मग परत आलीस तेव्हा?"

"आई जिन्यात पडलेली होती... दार सताड उघडं. घरात तुझ्या मावशीशिवाय कुणी नव्हतं. आणि तिचा हात कडीपर्यंत पोचत नव्हता."

आई माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या खांद्यावरून मागे बघत होती.

मग अगदी हळू म्हणाली, "ते दार उघड ना गं..."

मी वळून पाहिलं.

दार उघडंच होतं.