उताणं ताट

गंगाराम नाखव्यानं जन्मात कधी डोंगर चढला नव्हता. गरजच पडली नव्हती. खाडीतला माणूस चढतो तो होडीत आणि उतरतो तो चिखलात. पण दिवाळे गावातल्या कुठल्याही कोळ्यासारखं त्याचं अर्धं आयुष्य डोंगराकडे बघण्यात गेलं होतं. आपण कुठं आहोत हे पाण्याला विचारून कळत नाही, ते डोंगराला विचारावं लागतं. दूरवर कर्नाळ्याचा उभा सुळका दिसायचा. त्याला सगळी वस्ती अंगठा म्हणायची. अंगठा मिठागराच्या खोपीवर आला की जाळं टाकायचं, दोन ताडांच्या मधे आला की घराकडे वळायचं. अंगठ्यानं त्याला कधी फसवलं नाही. बायकोनंसुद्धा एवढं सांभाळलं नसेल, असं तो बायकोच्या तोंडावर म्हणायचा आणि शिव्या खायचा.

ती बायको गेली. मग खाडीत भराव पडत गेला, नवं शहर उठायला लागलं, मासळी आटली, आणि त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात गंगारामनं होडी विकली. त्या दिवसापासून म्हातारा पडवीत खाडीकडे पाठ करून बसायला लागला. ताटात अर्धी भाकरी उरायची, मग पाऊण उरायला लागली. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही. आजार नाही म्हणजे औषधही नाही, हे पुतळाला न सांगता समजलं.

पुतळा त्याची एकुलती एक मुलगी. वय बत्तीस. नव्या शहराच्या कचेरीत ती ट्रेसर होती, म्हणजे टेकड्या, नाले, रस्ते असे सगळे नकाशे पातळ पारदर्शक कागदावर शाईनं उतरवून काढायची. हात पक्का, डोकं थंड. तिला स्थळं आली आणि गेली. म्हाताऱ्याला कोण बघणार या प्रश्नाशी सगळी अडली, आणि खरं सांगायचं तर ती अडलेलीच तिला बरी वाटली. या चिडक्या, हट्टी, एका कानानं बहिऱ्या झालेल्या म्हाताऱ्यावर तिचा फार जीव होता. तो गेला तर घरात बोलायला कोणी उरणार नव्हतं.

गणपती होऊन गेल्यावर एका सकाळी गंगाराम आपणहून बोलला.

"गो बाय, त्या अंगठ्याच्या पायाशी एकदा जाऊन उभं ऱ्हायाचं हाय. जल्मभर त्यानं मना घरी आनला."

पुतळानं रविवारची वाट बघितली, एवढंच. भाकऱ्या केल्या, सुकट भाजली, कांदे बांधले. म्हाताऱ्यानं पिशवीत पळी आणि आपलं पितळी ताट घातलं.

"बाबा, ते कशाला? केवढं जड आहे. कागदावर जेवू."

"कागदावर तू जेव. तू सायबीन हायस."

ते ताट होडीवरचं. होडी विकली, वल्ही विकली, जाळी विकली, पण ते त्यानं ठेवलं होतं. धुक्याच्या दिवसांत दिवाळ्याला एक रीत होती. जी होडी आधी काठाला लागेल तिच्या नाखव्यानं बंदरावर उभं राहून ताट वाजवायचं, म्हणजे मागच्यांना किनारा कळतो. मागचे वल्हं होडीच्या कडेवर तीनदा ठोकून ओ देतात. शेवटची होडी लागेपर्यंत थांबायचं नाही. ती लागली की ताट वाळूवर पालथं घालायचं. का, तर उताणं राहिलेलं ताट कुणाची तरी वाट बघत राहतं, असं जुनी माणसं म्हणत.

पुतळा दोन वर्षांची असताना गंगारामचा धाकटा भाऊ किसन अशाच एका सकाळी धुक्यातून परत आला नाही. गंगाराम ताट वाजवत उभा राहिला. त्या दिवशी, रात्री, दुसऱ्या दिवशीही. शेवटी गावातल्या थोरांनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि पालथं घातलं. "शेवटची होडी लागली नव्हती," एवढंच तो म्हणायचा. वर्षातून एकदा, तेही पिऊन.

पनवेलला गाडी बदलून ती दोघं कर्नाळ्याला उतरली. जंगल राखीव, पाखरांसाठी. फाटकापाशी रोहिदास नावाचा गार्ड बसला होता. म्हाताऱ्याची लाल टोपी बघून तो हसला.

"कोळीबाबा, इकडं मासळी नाय मिळायची."

"मी पावना म्हनून आलोय," गंगाराम म्हणाला. "याच्या घरी."

गार्डनं पुतळाला बजावलं. "वर धुकं उतरलं तर चालायचं नाय. एका अंगाला सरळ कडा हाय. आहे तिथं बसा, काहीतरी वाजवा. मी येतो."

पुतळानं मान हलवली. कडा कुठं आहे हे तिला ठाऊक होतं. तो नकाशा तिनंच उतरवला होता, आणि त्या जागी उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा इतक्या जवळ आल्या होत्या की शाई एकमेकींत मिसळू नये म्हणून तिला श्वास धरावा लागला होता.

चढण ओली होती. दगडांवर शेवाळ, वर पानांचं छप्पर, त्यातून थेंब पडत होते. म्हातारा दमेल, चिडेल, अर्ध्यातून परत फिरेल अशी तिची अटकळ. पण म्हातारा पायांच्या बोटांनी दगड धरत असा चढला, जणू भरतीला होडीच्या काठावरून चालतोय. वाटेत त्यानं एका पाखराला नाव ठेवलं आणि दुसऱ्याची नक्कल केली. पुतळा हसत होती. किती महिन्यांनी, ते तिचं तिलाच आठवेना.

अंगठ्याच्या पायाशी पोहोचल्यावर गंगारामनं टोपी काढली आणि कातळाला तळहात लावला. मग किल्ल्याच्या तटाजवळच्या सपाट खडकावर बसून तो अख्खी भाकरी जेवला. पुतळाचे डोळे भरून आले, आणि तिनं कांद्यावर बोट दाखवलं.

ताट धुऊन पुसेपर्यंत धुकं आलं.

ते वरून उतरलं नाही. दरीतून चढलं, भरती यावी तसं, आधी झाडांच्या बुंध्यांत, मग फांद्यांत. पाखरं एकेक करून गप्प झाली. हातभरावरचा तट दिसेनासा झाला.

"बस गो," गंगाराम शांतपणे म्हणाला. "धुक्यात नांगर टाकायचा. नांगर तर इकलाय, तवा बूड टाक."

त्यानं ताट डाव्या हातात धरलं आणि उजव्या हातातल्या पळीनं वाजवायला सुरुवात केली. टण्. टण्. टण्. पुतळाला बरंच वाटलं. गार्डनं तेच तर सांगितलं होतं.

थोड्या वेळानं ओ आली.

ठक, ठक, ठक. लाकडावर लाकूड.

"गार्ड आला," पुतळा म्हणाली. "झाडावर काठी मारतोय."

गंगारामचा हात थांबला. बरा कान त्यानं आवाजाकडे केला. मग तो पुन्हा वाजवायला लागला, आता जरा जोरात.

ठक, ठक, ठक. जवळून. पुतळानं मनात नकाशा उलगडला. वाट त्यांच्या पाठीशी होती. आवाज समोरून येत होता. समोर कडा होता, आणि कड्याच्या पुढे काहीच नव्हतं.

दरीत प्रतिध्वनी फिरतो, तिनं स्वतःला सांगितलं. तेवढ्यात वास आला. ओल्या पानांचा नव्हे. ओहोटी लागल्यावर उघड्या पडलेल्या चिखलाचा, कालवांचा, भिजलेल्या काथ्याचा. ज्या वासात ती लहानाची मोठी झाली, तो.

"बाबा, पुरे."

"शेवटची होडी हाय," तो म्हणाला.

"बाबा, इथं पाणी नाही. आपण डोंगरावर आहोत."

"मना ठाव हाय गो." त्याचा आवाज इतका मऊ होता की ती घाबरली. "त्याला कुटं ठाव हाय?"

खाली कुठंतरी वल्हं पाण्यात पडलं आणि उचललं गेलं. त्यावरून ठिबकणारं पाणी तिनं ऐकलं.

गंगारामनं ताट पळीसकट खडकावर ठेवलं आणि तो उठला. चार पावलं चालला. पाचवं टाकायला जमीन नव्हती. त्यानं दोन्ही हात पुढे केले. होडी काठाला येते तेव्हा फेकलेला दोर झेलायला माणूस जसे करतो, तसे.

पुतळानं झेप घेऊन त्याची कंबर धरली.

त्याचे हात ताणले गेले.

ती ओढत होती, आणि पलीकडूनही ओढ होती. जोराची नव्हे. लाटेवर होडी हलते तेवढीच, पण न थांबणारी.

"बाबा!" ती ओरडली. "मी एकटी राहीन! बाबा, मी एकटी!"

म्हाताऱ्याच्या अंगातला जोर एकदम गेला. त्यानं मूठ उघडली.

"किसन," तो धुक्याला म्हणाला, "वाईच थांब रे. पोर हाय माझी."

तिनं त्याला मागे खेचलं, हाताला धरून वळवलं, आणि नकाशा आठवत, तट चाचपत वाटेला लावलं. मागे बघितलं नाही. अर्ध्या उतारावर धुकं विरलं आणि पाखरं बोलायला लागली. एका दगडावर बसवून तिनं त्याचे तळहात उघडले. दोन्हींवर लाल वळ होते, आणि वळात काथ्याचे धागे रुतले होते. धागे ओले होते. तिनं एक काढला आणि कोण जाणे का, जिभेला लावला. खारट.

"ताट?" गंगारामनं विचारलं.

ते वरच होतं. खडकावर, ठेवलं तसं, उताणं.

"पालथं घातलंस ना?"

नाही म्हटलं असतं तर म्हातारा परत चढला असता, आणि या खेपेला तिच्यानं आवरला नसता.

"हो," पुतळा म्हणाली.

फाटकापाशी रोहिदास वरच्या रानाकडे बघत उभा होता.

"ताई, तुमच्याबरोबर अजून कोन होतं का?"

"नाही. का?"

"मग वर अजून ताट कोन वाजवतंय?"

पुतळानं बापाचा बहिरा कान डोंगराकडे येईल अशा बेतानं त्याला आपल्या डाव्या अंगाला घेतलं. "पोरं असतील कोणाची," ती म्हणाली, आणि पेणहून येणाऱ्या गाडीला तिनं दोन्ही हात केले.

त्यानंतर गंगाराम सुधारला. डॉक्टर चकित झाले. तो खाडीकडे तोंड करून बसायला लागला, भाकरी संपवायला लागला, येणाऱ्या-जाणाऱ्याची टिंगल करायला लागला. शेजारच्या दुर्गाबाईला त्यानं तिच्या जावयावरून इतकं छेडलं की ती दोन दिवस बोलली नाही. पुतळा कचेरीत गुणगुणत रेषा ओढायची.

मग पौष आला, आणि पहिलं दाट धुकं पडलं.

पुतळा चुलीपाशी होती. ऐकू आलं ते आधी तिला बंदरावरचं वाटलं. टण्. टण्. टण्. पण बंदर उजव्या हाताला, आणि आवाज समोरून, पाण्यापलीकडून येत होता, जिकडे स्वच्छ दिवशी अंगठा दिसतो तिकडून. इतक्या लांबून ताट ऐकू येत नाही. तिनं चूल फुंकली आणि पुन्हा कान दिला.

दुर्गाबाई दारात आली. भांडण विसरून, पदर कानांवरून घेत.

"गो पुतला, कुनाची होडी ऱ्हायलीय? सगल्या तर लागल्या."

पुतळानं आत जाऊन रेडिओ लावला आणि मोठा केला. त्या महिन्यात जितक्या सकाळी धुकं पडलं तितक्या सकाळी तो तसाच वाजला. म्हातारा चहा पीत मान डोलवायचा, आणि ती सुटकेचा निःश्वास टाकायची. बहिरा कान तरी कामाला आला.

एका सकाळी त्यानं बशी खाली ठेवली.

"रेडू बारीक कर गो बाय."

"बातम्या लागल्यात, बाबा."

"मना ऐकू येतंय," गंगाराम म्हणाला. "पहिल्या दिसापासनं."

पुतळानं बटण फिरवलं. खोलीत तो आवाज शिरला, बारीक, स्वच्छ, पितळेचा. ती त्याच्या पायाशी बसली आणि तिचं रडू फुटलं.

"मी पालथं नाही घातलं. तू परत वर गेला असतास."

"ठाव हाय." त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तळहातावरचे वळ अजून गेले नव्हते. "बरं केलंस. मी त्याच्यासाटी वाजवलं, आता त्यो माझ्यासाटी वाजवतोय. भाऊ हाय."

"बाबा, तू जाऊ नको."

"आत्ता कुटं जातोय? चा तरी पिऊ दे." तो हसला. "शेवटची होडी लागंस्तवर वाजवायचं आसतं. थांबंल त्यो."

त्यानं बोटाच्या पेरानं खाटेच्या लाकडावर ठोकलं. तीनदा. बाहेर ताट थांबलं. मग पुन्हा सुरू झालं, पण आता सावकाश, घाई नसलेल्या माणसासारखं.