बेचाळीस किलोमीटर आणि एक ‘ताई’

थाचमध्ये खोट एकच होती, पण ती रोज सकाळी माझ्या दुकानासमोर उभी राहून बोलायची. माझ्या खुएला तो ‘ताई’ म्हणायचा. ताई, पाणी. ताई, जरा हळू. ताई, आज किती पळायचं? चार गिऱ्हाइकं पेज खात बसलेली, आणि हा ताडासारखा गडी सगळ्यांदेखत माझ्या पोरीला थोरली बहीण करून टाकणार. माझं डोकं उठायचं.

आमच्याकडे नुसतं ‘तू’ म्हणून बोलता येत नाही. आधी वय विचारायचं, मग नातं लावायचं. मोठी असेल ती ताई, लहान असेल ती ‘एम’, म्हणजे धाकटी. प्रेमात पडलेल्यांचं मात्र एकच ठरलेलं... तो थोरला आणि ती एम, मग बाई वयानं मोठी का असेना. ज्या दिवशी पुरुष ताईवरून एमवर येतो, त्या दिवशी त्याला वेगळं काही कबूल करावं लागत नाही.

आणि थाचच्या तोंडात ती ‘ताई’ घातली कुणी, तर मीच.

एप्रिल संपत आला होता. डोंगरापलीकडचा तो कोरडा, भाजका वारा सुटला होता, आमच्या क्विन्यॉन गावचा समुद्रसुद्धा चुलीवर ठेवल्यासारखा दिसत होता. थाच दालातचा, थंड डोंगरातला. पवनचक्क्या उभारायच्या कामावर आला होता. हॉटेलच्या गारेगार खोलीत ट्रेडमिलवर वीस-वीस किलोमीटर पळायचा, आणि त्याच गुर्मीत जुलैची मॅरेथॉन पळायला निघाला होता. पहिल्यांदा बाहेर उन्हात पळाला, तो सातव्या किलोमीटरला माझ्या बाकड्यावर येऊन आडवा झाला.

खुए नुकतीच पळून आली होती. तिनं त्याच्या मानेवर ओला पंचा टाकला, त्याच्याच टोपीत बर्फ भरून ती त्याच्या डोक्यावर दाबली आणि खारवलेल्या लिंबाचं पाणी पुढे धरलं.

“स्वतः पितोस की नाक धरून पाजू?”

“पितो... तुम्ही डॉक्टर आहात का?”

“पोस्टात आहे. जड पार्सलं उचलायची सवय आहे.”

तो हसला आणि पाणी नाकातून बाहेर आलं. खुएही हसली. बर्फ वितळून गेला, तरी तिचा हात त्या टोपीवरून निघेना. दोन स्थळं मोडल्यापासून ही पोर कुठल्या पुरुषाशी धड बोलली नव्हती. मी सगळं पाहत होते.

“तुम्हाला काय म्हणू? वय काय तुमचं?” त्यानं विचारलं.

खुए तोंड उघडणार, तोच मी म्हटलं, “चौतीस.”

“मी बत्तीस. म्हणजे ताई.”

झालं. आम्ही जुनी माणसं पोटातलं वर्ष धरतो, नवं साल लागलं की आणखी एक चढवतो. तो सांगत होता सरकारी कागदावरचं वय. पाहुण्यासमोर आईला खोटं पाडू नये, म्हणून खुए गप्प बसली.

दुसऱ्या दिवसापासून दोघं बरोबर पळू लागली. खुए त्याला इतकं हळू पळवायची, की मासळीच्या टोपल्या घेऊन निघालेल्या बायका त्यांना मागे टाकायच्या.

“ताई, त्या बायका हसतायत मला.”

“हसू दे. घामालासुद्धा शिकवावं लागतं. पंधरा दिवस लागतात.”

“आणि नाही शिकला तर?”

“तर आणखी पंधरा दिवस माझ्याबरोबर पळावं लागेल.”

“मग... मला वाटतं माझा घाम फार मठ्ठ आहे, ताई.”

बघा, बोलणं कुठे पोहोचलं होतं. आणि शेपटाला ताई आहेच. तो शब्द आला, की खुएचं हसू ओठावरच वाळायचं. तो गेल्यावरही ती वाटेकडे पाहत उभी राहायची, पोस्टात जायला उशीर व्हायचा. तिच्या मानेवर मिठाचे पांढरे ओघळ सुकलेले असायचे... मी पुसायला गेले तर म्हणायची, “राहू दे, आई.”

जूनमध्ये त्याला हुकूम आला. जुलैत ज्या रविवारी मॅरेथॉन, त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, उत्तरेकडे बदली. त्या दिवशी खुए भर दुपारी एकटी पळायला गेली. परत आली तेव्हा चेहरा विटेसारखा तापला होता आणि डोळे पाण्यानं भरले होते. म्हणाली, घाम गेला डोळ्यांत.

त्याच आठवड्यात तिनं दोघांचे मॅरेथॉनच्या नावनोंदणीचे कागद घरी आणले. मला अक्षरं सावकाश लागतात, पण आकडे लागतात. त्याची जन्मतारीख सात मे. हिची बारा ऑक्टोबर. साल एकच.

“अगं, तो मोठा आहे तुझ्याहून. पाच महिन्यांनी!”

“मला माहीत आहे. नाव भरलं तेव्हाच पाहिलं मी.”

“आणि गप्प बसलीस? आत्ता जाऊन सांग त्याला.”

“नाही.” तिनं कागद माझ्या हातातून काढून घेतले. “जन्मतारीख पाहून एम म्हटलं, तर ती रीत झाली, आई. मला ताई समजत असताना त्यानं म्हणायला हवं. नाही म्हटलं तर... जाऊ दे त्याला.”

मी त्यानंतर दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. पोरगी अगदी माझ्यावर गेली आहे, त्याचा राग आला होता.

मॅरेथॉनच्या रविवारी सकाळी आठालाच डांबर मऊ झालं होतं. माझं दुकान अडतिसाव्या किलोमीटरवर. मी रस्त्यावर बर्फाची बादली घेऊन उभी. दोघं बरोबरच येताना दिसली, आणि माझ्या डोळ्यांदेखत खुएच्या पोटरीत गोळा आला. ती खाली बसली. थाच तंद्रीत तसाच पुढे गेला. शंभर पावलं... दीडशे... मग त्याची मान वळली.

तो पळणाऱ्यांच्या लोंढ्यातून उलटा धावत आला. गुडघ्यांवर बसून तिचा पाय मांडीवर घेतला, पोटरी चोळू लागला.

“तू जा,” खुए म्हणाली. “तुझी वेळ चांगली लागली असती.”

“एम,” तो म्हणाला. “खांद्यावर हात ठेव आणि उठ.”

बादलीतला बर्फ माझ्या पायावर सांडला, तरी मी हलले नाही.

“काय म्हणालास?” खुएनं विचारलं.

“ऐकलंस तू.”

“दोन वर्षांनी मोठी आहे मी.”

“असशील. मला... एप्रिलपासून एमच म्हणायचं होतं. जीभ वळत नव्हती. उद्या जायचंय, आता नाही तर कधी म्हणू?”

खुए हसत होती आणि रडत होती, आणि दोन्हीला घाम म्हणत होती. उरलेले चार किलोमीटर ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून चालत गेली. तीन तास लागले असते तरी कुणाची हरकत नव्हती.

सोमवारी स्टेशनवर तिनं त्याला तारखा सांगितल्या. तो डब्याच्या दारात उभा, तोंड उघडं.

“काकी, मी मोठा आहे? तुम्हाला माहीत होतं? सांगायचं तरी!”

गाडी हलली. खुए डब्याबरोबर चालू लागली, त्याची बोटं तिच्या बोटांत. मला चालता येत नाही तेवढं, म्हणून मी जागेवरूनच मोठ्यानं सांगितलं, “उशिरा बोललास, थाच. पण वय न मोजता बोललास. म्हणून सांगते, परत ये.”