पोटातला आवाज

"पुन्हा घेऊ या," काचेपलीकडून आवाज आला. "मागे काहीतरी गुरगुरतंय."

मी मान खाली घातली. पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणं हे माझं काम, आणि त्या स्टुडिओत माझा पहिलाच दिवस. गुरगुरत होतं ते माझं पोट.

तिसऱ्यांदा थांबवून रेकॉर्डिस्ट आत आला. सगळे त्याला कानसेन म्हणायचे. गळ्यात हेडफोन, हातात बिस्किटांचा पुडा.

"उपाशी आहात?"

"नाही... जेवूनच आलेय."

"मग पोटालाच माझ्याशी बोलायचं असेल."

मला हसू आलं, आणि हसता हसताच कळ आली. मी उठून पळाले. परतायला वीस मिनिटं लागली. त्यानं काही विचारलं नाही. घड्याळाकडेही पाहिलं नाही.

दीड वर्ष हे असंच चाललं होतं. एक डॉक्टर म्हणाले ॲसिडिटी, दुसरे म्हणाले टेन्शन घेऊ नका. आई फोनवर म्हणायची, "बाहेरचं खाऊ नकोस, बाळा." नऊ किलो वजन उतरलं. मैत्रिणींकडे जाणं सुटलं, कारण कुठंही गेलं की आधी बाथरूम शोधायचं. शौचातून रक्त जायचं, ते मात्र मी डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं. मूळव्याध असेल, अशी स्वतःचीच समजूत घातली होती.

आठवड्याभरानं, चहा घेताना, तो हळूच म्हणाला, "राग मानू नका. माझ्या ताईचं असंच होतं. रक्ताचं तिनं लाजेपायी लपवलं, त्यात तीन वर्षं गेली. तुम्हाला—"

"हो," मी कपाकडे बघत म्हणाले.

त्यानं सुचवलेल्या, ताईच्या डॉक्टरांनी सगळं खोदून विचारलं आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, ठरवली. भूल देणार होते, सोबत कुणीतरी हवं होतं. मैत्रिणी दुरावल्या होत्या, त्या शहरात माझं दुसरं कुणी नव्हतं. तो आला.

"तुम्ही यांचे कोण?" नर्सनं विचारलं.

"ते... अजून ठरायचंय," तो म्हणाला. कान लालबुंद.

बायोप्सीचा रिपोर्ट आला. अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला सूज, आत व्रण. औषधांनी आटोक्यात राहील, पण जन्मभर सांभाळावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. निदान नाव तरी कळलं म्हणून जीव हलका झाला, आणि बाहेर येऊन मी त्याला म्हणाले, "तुम्ही यात अडकू नका."

"ते मला ठरवू द्या की." पण माझा चेहरा बघून त्यानं माझ्यासाठी रिक्षाला हात केला.

पुढचे पाच महिने आम्ही काचेच्या दोन बाजूंना बसून फक्त कामाचं बोललो. औषध लागू पडलं, वजन भरलं. घरी मात्र कुकरच्या शिट्टीशिवाय दुसरा आवाज नसायचा. बरं वाटतंय, हे सांगायलासुद्धा समोर कुणी नव्हतं.

एका रविवारी दुपारी पुन्हा रक्त दिसलं. डॉक्टरांनी फोनवर औषध वाढवून दिलं, उद्या या म्हणाले. मी बाथरूमबाहेरच्या गार फरशीवर तशीच बसून राहिले. मग दुसरा नंबर लावला.

"परत रक्त दिसलंय," मी म्हणाले. "डॉक्टरांशी बोलणं झालंय. तसं काही काम नाहीये. फक्त... ये ना."

मी त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं होतं.  पलीकडे किल्ल्या वाजल्या, दार ओढल्याचा आवाज आला.

"फोन ठेवू नकोस," जिना उतरता उतरता तो म्हणाला. "काही बोलली नाहीस तरी चालेल."