चौघींची केबिन

तोंडात ब्रश, खांद्यावर टॉवेल, केस अर्धे बांधलेले... अशा अवतारात मी जहाजाच्या अरुंद कॉरिडॉरमध्ये उभी होते आणि आतून आई, मावशी आणि आत्या मला एकाच वेळी तीन वेगवेगळ्या सूचना देत होत्या. तेवढ्यात समोरच्या केबिनचं दार उघडलं. एक उंच माणूस, हातात टॉवेल घेऊन, जवळजवळ ढकलल्यासारखा बाहेर आला आणि त्याच्या मागे दार लागलं.

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या ब्रशकडे.

"इतक्या जोरात घासू नका," तो म्हणाला. "हिरड्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?"

सणसणीत उत्तर सुचलं होतं, पण तोंडभर फेस. मी नुसते डोळे वटारले. तो हसला — आणि सांगायची लाज वाटते, पण मी जोर कमी केला.

तो दातांचा डॉक्टर निघाला. त्याच्या केबिनमध्ये त्याचे वडील, काका आणि मेहुणे. काकांना रोज सकाळी जमिनीवर आडवं पडून व्यायाम करायचा असे आणि ती जमीन काकांएवढीच होती. त्यामुळे वडील आणि मेहुणे आपापल्या बिछान्यावर पाय जवळ घेऊन बसत आणि हा बाहेर.

आमची तऱ्हा वेगळी नव्हती. वेगवेगळ्या केबिन कशाला, एकत्र राहू, गप्पा होतील, ही मावशीची कल्पना. खाली दोन पलंग, वर भिंतीतून उतरणारे दोन बिछाने आणि मधे एक बाई जेमतेम उभी राहील एवढी जागा. आत्याने पहिल्याच सकाळी कायदा केला : एकीने उभं राहायचं, बाकीच्यांनी आडवं. धाकटी म्हणून माझी नेमणूक दाराबाहेर.

मी बस कंपनीत वेळापत्रकं आखते. एका डेपोतून ढीगभर गाड्या एकमेकींना न घासता बाहेर काढते. पण चार बायका आणि एक बाथरूम यांच्यापुढे मी हात टेकले. आई आपल्या वेळेच्या आधीच आत शिरायची. मावशीचं गाणं संपल्याशिवाय ती बाहेर यायची नाही. आणि आत्या, "मला फक्त हात धुवायचेत गं" म्हणून मधेच घुसायची आणि केस धुऊन यायची. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

म्हणून कॉरिडॉर आमचा झाला. भिंतीला एक लाकडी कठडा होता, धरून चालण्यासाठी. त्याला टेकून आम्ही बोलायचो. तो मला विचारायचा, आज किती गाड्या उशिरा सुटल्या. मी सांगायची, मावशी अजून फलाटावर आहे. दोन-तीन दिवसांत 'अहो-जाहो' कधी सुटलं ते दोघांनाही कळलं नाही. एकदा जहाज जरा जास्तच कललं आणि आम्ही दोघांनी कठड्याची एकच जागा पकडली. त्याचा हात माझ्या हातावर. जहाज सरळ झालं... हात तिथेच.

"समुद्र शांत झालाय," मी म्हटलं.

"हो का? मला नाही वाटत," तो म्हणाला.

आणि दार उघडलं. मावशीला कंगवा हवा होता. माझ्याकडे कंगवा नव्हता, तो तिच्या डोक्यात खोचलेला होता.

हे रोजचंच. डेकवर गेलो की आई शाल घेऊन हजर, वारा आहे म्हणून. जेवायला गेलो तर त्याच्या काकांचं आणि माझ्या आत्याचं मेतकूट जमलेलं, दोन्ही घरांचं एकच टेबल, आणि त्या आठ जणांत आम्हा दोघांना शेजारच्या खुर्च्या काही मिळाल्या नाहीत. एवढ्या मोठ्या समुद्रात मला पाच मिनिटांचा एकांत मिळत नव्हता. जीव मेटाकुटीला आला.

शेवटच्या संध्याकाळी तो कॉरिडॉरमध्ये माझी वाटच बघत होता. दुसऱ्या दिवशी बंदरात सगळेच उतरणार होते. आम्ही घरी जाणार आणि तो डोंगरापलीकडच्या एका गावातल्या दवाखान्यात, नव्या नोकरीवर. मला ते ठाऊक होतं. फक्त त्याबद्दल आम्ही बोलत नव्हतो.

"तिकडे घर बघायचंय मला," तो म्हणाला. मग थांबला. "तू... नंतर येणार असशील, म्हणजे लगेच नाही... तर मी दोघांच्या हिशेबाने बघतो."

मी तोंड उघडलं आणि मागचं दारही उघडलं. आई विचारत होती, बॅग भरायला घेऊ का. घे, घे, म्हणून मी दार लावलं, पण पलीकडून त्याचे काकाही बाहेर आले होते.

"उद्या सकाळी, वरच्या डेकवर," मी घाईघाईने पुटपुटले.

"मी पहिल्या तुकडीत उतरतोय. नाही आलीस तर... मी काय ते समजेन. मागे लागणार नाही."

सकाळी उठले तर अंगावर झोपायचा गाऊन, तोही गुडघ्याशी उसवलेला, आणि बाकी काही नाही. जहाजाची पद्धत अशी की मोठं सामान आदल्या रात्रीच दाराबाहेर ठेवायचं, ते परस्पर बंदरावर पोचतं. मी सकाळसाठी टांगून ठेवलेला ड्रेस आईने सुरकुत्या पडतील म्हणून घडी करून बॅगेत घातला होता. मी अंगावरून उतरवलेला मावशीने मळका म्हणून दुसऱ्या बॅगेत कोंबला होता. आणि माझ्या चपला आत्याने कागदात गुंडाळून तिसऱ्या बॅगेत घातल्या होत्या. तिघींनीही मदतच केली होती.

मी कपाळाला हात लावला. मग मात्र माझा तोल सुटला. मी म्हणाले की मला आत्ताच्या आत्ता वर जायचंय, एका माणसाला उत्तर द्यायचंय, आणि तुमच्यामुळे मला कधी, काही, धड करता येत नाही.

"दातवाल्याला ना?" मावशीने विचारलं.

आत्या म्हणाली की दार पुठ्ठ्याचं आहे, सगळं ऐकू येतं, आणि बाहेर फार वेळ शांतता झाली की तीच मावशीला कंगव्यासाठी पिटाळायची.

आई पलंगाच्या कडेवर बसून गोल खिडकीतून बाहेर बघत होती. तिथे आता बंदर दिसायला लागलं होतं.

"उत्तर काय आहे तुझं?" तिने विचारलं.

"हो."

"लांब आहे गं ते."

"माहितीये, आई."

तिने एक मोठा श्वास घेतला आणि तिने स्वतःसाठी बाहेर ठेवलेला निळा ड्रेस माझ्याकडे फेकला. तिच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं, बॅगा केव्हाच गेल्या होत्या. मी नको म्हणायला लागले तर तिने पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं आणि म्हणाली, मी बसते अशीच, तू पळ. ड्रेस माझ्या अंगावर लोंबत होता. मावशीने कमरेला आपला पट्टा आवळला. आत्याने आपल्या चपला पुढे सरकवल्या.

मी धावतच वर गेले. तो कठड्यापाशी उभा होता, पायाशी छोटी बॅग, नजर जिन्याकडे. मला त्या अवतारात पाहून त्याचे ओठ हलले, पण शहाण्यासारखा तो काही बोलला नाही.

"घर बघ," मी धापा टाकत म्हणाले. "पण दोघांच्या हिशेबाने नको."

त्याचा चेहरा पडला.

"मोठं बघ. त्या तिघी येणार राहायला, रोखूनही थांबायच्या नाहीत. त्यांना त्यांची खोली आणि आपल्याला आपली. पुन्हा सगळ्यांना एका खोलीत घेऊन मी झोपणार नाही."

तो हसायला लागला. मग त्याने माझा हात धरला, सगळ्या डेकसमोर. पहिल्या तुकडीची घोषणा झाली, पुन्हा झाली. त्याने हात सोडला नाही आणि मीही घाई केली नाही. खाली आई पांघरूण गुंडाळून बसली होती. जन्मात पहिल्यांदाच तिला दार उघडून बाहेर येता येणार नव्हतं.