कोरडी झारी

शुक्रवारी सकाळी आठ वाजता चौकीतला फोन वाजला. पलीकडे चाळिशीचा माणूस होता. दोन दिवस बाहेरगावी होतो, आत्ताच परतलो, दार सताड उघडं आहे आणि वडील कुठेच नाहीत, असं त्यानं सांगितलं. फौजदारांनी पत्ता लिहून घेतला आणि गार झालेला चहा संपवला. त्यांची आई जाऊन बावीस दिवस झाले होते आणि तेव्हापासून त्यांना चहाची चवच लागत नव्हती. रजा घ्या म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं. घरी बसून करायचं काय, असं विचारून त्यांनी प्रत्येकाला गप्प केलं होतं.

हरवलेल्या म्हाताऱ्याला अख्खी गल्ली झारीबुवा म्हणायची. सत्तरी ओलांडलेला, फटकळ गृहस्थ. घरामागच्या बागेत अकरा गुलाब लावलेले, आणि त्यांच्यापलीकडे त्याला जग नव्हतं. फाटकाबाहेर तो पाऊल टाकत नसे. गल्लीत त्याचं एकाशीही पटत नव्हतं, त्यामुळे तो चार दिवस दिसला नाही तरी कोणाचं काही अडत नसे.

हवालदारांनी शनिवार दुपारपर्यंत प्रकरण निकालातच काढलं. शेजारचा फिटर बुधवारी संध्याकाळी भिंतीआडून ओरडला होता, की पाणी बंद कर थेरड्या, नाहीतर येऊन गळा दाबीन. हे साऱ्या गल्लीनं ऐकलं होतं. शिवाय फिटरच्या अंगणात, भिंतीच्या कडेला, झारीबुवाचा फुटका चष्मा सापडला. आणखी काय हवं? फिटर कोठडीत होता, रविवारी त्याला सुट्टीच्या कोर्टात उभं करायचं होतं. बाहेरच्या बाकावर त्याची नऊ वर्षांची मुलगी दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. घरी दुसरं कोणी नव्हतं.

फौजदारांनी फिटरला समोर बसवलं.

"का ओरडलास?"

"भिंतीवरून पाणी येत होतं, साहेब. वाळत घातलेले कपडे भिजले. पंधरा दिवस रोज संध्याकाळी हेच चाललं होतं."

"त्याआधी?"

"त्याआधी कधी थेंब आला नाही."

"म्हातारा दिसला?"

"भिंत डोक्याच्या वर आहे. पाणी तेवढं दिसायचं."

"त्यानं काय उत्तर दिलं?"

"काहीच नाही. एरवी एक बोललं की दहा ऐकवायचा." मग खाली बघत फिटर म्हणाला, "मुलीनं सकाळपासून काही खाल्लं नाहीये."

खुनी माणूस असाच साळसूद बोलतो, असं हवालदारांचं मत पडलं. फौजदारांनी मुलीला जेवण आणून द्यायला सांगितलं आणि हवालदारांना घेऊन ते झारीबुवाच्या घरी गेले.

मुलगा दारातच उभा होता. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, आवाज हळू. त्यानं खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. फौजदार खुर्चीत न बसता सरळ बागेत गेले.

"वडिलांना शेवटचं कधी पाहिलंत?"

"बुधवारी, संध्याकाळी सहाला. मी बस पकडायला निघालो तेव्हा बाबा गुलाबांना पाणी मारत होते."

"कशानं?"

"या पाइपानं. रोज संध्याकाळी. वरून मारायचे, पानं धुऊन निघायची."

"पाइप नवा दिसतोय."

"जुना फुटला होता."

बुधवारी रात्रीपासून शुक्रवार सकाळपर्यंत तो कंपनीच्या प्रशिक्षणाला होता. हवालदारांनी चौकशी केली होती, ते खरं निघालं होतं.

फौजदार झाडांमधून फिरले. प्रत्येक गुलाबाभोवती हातानं केलेलं नीट गोल आळं होतं, म्हणजे पाणी अडवणारी मातीची कड. खालची पानं पिवळी पडून गळत होती आणि वरच्या पानांवर काळे ठिपके होते. टोकाचं अकरावं झाड मान टाकून उभं होतं. त्याचं आळं ओबडधोबड होतं. कोपऱ्यातल्या खोपट्यात त्यांना झारी सापडली. तिच्या तोंडाचा फवारा काढून खिळ्याला अडकवलेला होता. झारी आतून कोरडी होती आणि तोंडाशी कोळ्यानं जाळं विणलं होतं.

मग ते उकिडवे बसले आणि एकेका आळ्यात बोट खुपसत गेले. हवालदारांना आता साहेबांची काळजी वाटू लागली. आई गेल्यापासून साहेब रडले नाहीत, हे बरं नाही, असं ते चौकीत सगळ्यांना सांगत असत. पण हाताचं बोट पुसत साहेब उठले आणि खोपट्यातलं फावडं आणायला त्यांनी हवालदारांनाच पिटाळलं.

"बुधवारी पाणी मारणारा माणूस तुमचे वडील नव्हते," ते मुलाला म्हणाले.

"पान रात्रभर ओलं राहिलं की गुलाबाला हा रोग धरतो. ठिपके लगेच दिसत नाहीत, दहा-बारा दिवस जातात. महिनाभर पाऊस नाही. म्हणजे तेवढे दिवस तरी कोणीतरी संध्याकाळी पानं भिजवतंय. ज्यानं इतकी सुंदर आळी केली, मुळाशी सावकाश धार पडावी म्हणून झारीचा फवारा काढून ठेवला, तो हे करणार नाही."

"म्हातारपणी माणूस बदलतो, साहेब," फावडं घेऊन आलेले हवालदार म्हणाले.

"झारीतलं जाळं एका दिवसाचं नाही. आणि भिंतीपलीकडून कोणी थेरडा म्हटल्यावर हा माणूस गप्प बसला? यांनी उत्तर दिलं असतं तर आवाज ओळखू आला असता. शेजाऱ्याला रोज पाण्याचा आवाज ऐकवायचा होता, म्हणजे म्हातारा आहे असं त्याला वाटत राहील."

"पण चष्मा?"

"ती धमकी ऐकून यांना सुचलं असेल. निघताना भिंतीपलीकडे टाकला." फौजदार टोकाच्या झाडाकडे वळले. "दहा झाडांखाली वर भिजून वाळलेली पापडी आहे, दोन पेरांखाली माती खडखडीत. पाइपाचं पाणी पानांवरच उडून गेलं, खाली उतरलंच नाही. इथे मात्र अख्खं बोट लोण्यात घातल्यासारखं आत गेलं. ही माती खणलेली आहे. खणू का, की तुम्ही सांगता?"

मुलगा बागेतल्या हौदाच्या कठड्यावर बसला. त्यानं पाइपाकडे पाहिलं.

"पाइप मी त्यांच्यासाठी आणला होता," तो म्हणाला. "त्यांना ताप होता, झारी उचलवत नव्हती. म्हटलं, आज मी घालतो पाणी. पानांवर पडलं. त्यांनी पाइप हिसकावला. म्हणाले, चाळिशीचा झालास, एका झाडाला पाणी घालता येत नाही. लहानपणापासून हेच. मी ढकललं. डोकं या कठड्यावर आपटलं. सतरा दिवस झाले." त्यानं कठड्यावरचा हात उचलला. "त्यानंतर मी जेवलो, साहेब. मला काही वाटलंच नाही. अजून वाटत नाहीये."

हे ऐकून हवालदार दोन पावलं मागे सरले. फौजदारांना मात्र ते नीट समजलं, आणि समजलं याची त्यांना भीती वाटली.

"दहा-बारा दिवसांचं तुम्हाला इतकं नक्की कसं ठाऊक?" मुलानं विचारलं.

"माझ्या घरीही गुलाब आहेत," फौजदार म्हणाले.

संध्याकाळी फिटर सुटला. मुलीनं आधी त्याच्या हातात दप्तर दिलं आणि मगच त्याचं बोट धरलं. फौजदार खिडकीतून ते जाईपर्यंत बघत राहिले.

रविवारी सकाळी सहालाच ते गच्चीत गेले. आईच्या पाच कुंड्या कठड्याशी ओळीनं होत्या. तिला पोचवून आले त्याच संध्याकाळी त्यांनी पाइप लावला होता, आणि पुढे रोज चौकीतून आल्यावर दोन मिनिटं वरून पाणी मारून ते आत जात. पानं भिजवू नकोस रे, भिजवायचीच तर सकाळी भिजव, उन्हात सुकतात, असं ती वर्षानुवर्षं सांगत आली होती. बारा दिवसांनी ठिपके आले, तेव्हा त्यांनी ते नुसते पाहिले होते.

ठिपक्यांची पानं त्यांनी एकेक करून खुडली. मग पहिल्या कुंडीत बोट घातलं. वर ओल होती, दोन पेरांखाली माती कोरडी ठणठणीत. बावीस-तेवीस दिवस त्यांनी रोज पाणी घातलं होतं आणि मुळांना थेंबही पोचला नव्हता.

त्यांनी आईचा तांब्या भरून आणला आणि खोडाशी बारीक धार धरली. माती पाणी पीत राहिली. दुसऱ्या तांब्याला धार पानांवर गेली. ती बाजूला वळवायला त्यांना समोरचं काही दिसत नव्हतं. ते तिथेच खाली बसले आणि आईला हाक मारून रडले.