काचेपलीकडचं गाणं

हेडफोन ताईच्या कानांवर चढवून धाकट्याने मोबाइलवर गाणं लावलं आणि तो समोरच्या स्टुलावर बसला... तिच्या चेहऱ्याकडे असा टक लावून, जणू त्याच्या आयुष्याचा निकाल तिथेच लागायचा होता!

ताईने डोळे मिटले. गाणं ऐकताना माणसं डोळे मिटतात, एवढं तिला आठवत होतं. दूर कुठेतरी डास घोंगावावा तसं काहीतरी कानात हललं आणि विरून गेलं. हाच का तो आवाज? पाळण्यात असल्यापासून सारं घर ज्याला ‘गुणगुण्या’ म्हणायचं, त्या आपल्या भावाचा? हा त्याचा पहिला अल्बम! गळका नळ, एका पायाने लंगडणारं हे स्टूल, बसथांब्यावरची भांडणं, डब्याचं कधीच नीट न बसणारं झाकण... याच घरातल्या, याच रस्त्यावरच्या साध्यासुध्या गोष्टींची त्याने गाणी केली होती, आणि ज्या बहिणीने त्याला या घरात वाढवलं तिच्यापर्यंत त्यातला एक शब्दही पोचत नव्हता.

तिने डोळे उघडले तेव्हा गॅसवरचं दूध वर येताना दिसलं. गाणं संपलं असेल, असा अंदाज बांधून तिने हेडफोन काढला.

“छान आहे रे! फार छान!”

धाकट्याचा चेहरा उतरला. “ताई, अर्धंसुद्धा झालं नव्हतं गं.”

“अरे, दूध उतू जात होतं...”

“दूध!” तो ताडकन उठला. “लोक काय, छान म्हणतीलही. मला तुझं हवं होतं! आणि तुला दूध दिसलं!”

मग तो वळला आणि दारात, पाठमोराच, काहीतरी बोलला. तिला फक्त त्याचे खांदे हललेले दिसले. समोरच्या माणसाचे ओठ तिला वाचता येत, पाठमोऱ्या माणसापुढे तिचा इलाज नव्हता. दार आपटलं, हे भिंतीवरचं कॅलेंडर हललं म्हणून तिला कळलं.

आईवडील गेले तेव्हा तो पहिलीत होता आणि ताई कापडाच्या कारखान्यात लागली. कापडाच्या घड्या घालायच्या विभागात जागा होती, तिथे शांतताही होती, पण पाळी संध्याकाळची. दिवेलागणीला पोर घरात एकटं... तिने दिवसपाळी मागून घेतली. दिवसपाळी म्हणजे माग! शेडमधले सगळे माग एकदम खडखडू लागले की शेजारणीने कानाशी ओरडलेलंही ऐकू यायचं नाही. म्हणून तिथल्या बायका ओठांनी बोलत. आवाज न काढता, तोंड मोठं उघडून, अक्षर न् अक्षर गालांवर उमटवून. चार माग ओलांडून सासूच्या चुगल्या व्हायच्या आणि मुकादमाची टिंगल त्याच्या नाकासमोर चालायची!

शाळा सुटली की धाकटा शेडच्या खिडकीशी यायचा, काचेला नाक लावून. ताई आतून ओठांनी सांगायची, “खाऊन घे. अभ्यास कर. मी येते.” आणि तोही तस्साच, मोठं तोंड करून उत्तर द्यायचा, “लवकर ये!” त्याच्या श्वासाने काच धुरकट व्हायची.

मागांनी तिचे कान हळूहळू नेले. डॉक्टरांनी काम बदलायला सांगितलं, कानाचं यंत्र लावायला सांगितलं. पण यंत्र दिसलं असतं, आणि काम का बदललं हे धाकट्याला सांगावं लागलं असतं. साध्या तापात ती झोपली तर महिनाभर गिटारला हात न लावणारा मुलगा तो! आपल्यापायी ताईचे कान गेले, हे कळल्यावर तो गाईल? नाही... कळता कामा नये!

हे गुपित एकीलाच ठाऊक होतं. ती शेजारच्या मागावरची मैत्रीण. कारखान्याबाहेरही ती एवढ्या मोठ्याने बोलायची की तिचं नावच ‘भोंगा’ पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माग थांबले. ताई खाली वाकून तुटलेला धागा सांधत होती. मान वर केली तर भोंगाचा चेहरा पांढराफटक. सगळ्या बायका दाराकडे बघत होत्या.

“तुझा भाऊ आला होता,” भोंगाचे ओठ म्हणाले. “चुकलो म्हणाला, समजूत काढायला आलो. या शांततेत त्याने तुला तीन हाका मारल्या गं... आम्ही सगळ्या वळलो. तू नाही वळलीस.”

ताईच्या हातातला धागा गळला. “मग?”

“मग त्याने मला विचारलं. मी सांगून टाकलं सगळं. घातलेली शपथ मोडली, आता काय मारतेस ते मार!”

“गाणं सोडेल गं तो!” ताई मागाला धरून खाली बसली. “ज्यासाठी सगळं केलं, तेच सोडेल!”

धाकटा मित्राकडे राहिला. घरी फिरकला नाही. अल्बमच्या गाण्यांचा पहिला कार्यक्रम ठरला होता. त्याच्या आदल्या दिवशी भोंगाच्या हाती मात्र साऱ्या शेडसाठी पास आले.

“गाणार आहे ना तो?” ताईने पुन्हा पुन्हा विचारलं.

“नाही तर काय दारात उभा राहून तिकिटं फाडणार? चल, केस विंचर!”

सभागृहात मागच्या रांगेत मागावरच्या बायका दाटीवाटीने बसल्या. धाकटा आला, गायला. माइकने त्याचं तोंड झाकलं होतं. लोक टाळ्या वाजवत तेव्हा ताईही वाजवत होती आणि पदराने डोळे टिपत होती. गातोय... गातोय ना, बस!

शेवटच्या गाण्याआधी त्याने गिटार खाली ठेवली. माइक बाजूला सारला. रंगमंचाच्या अगदी कडेला, दिव्याखाली येऊन त्याने मागच्या रांगेकडे पाहिलं आणि तोंड मोठं उघडलं... आवाज न काढता.

*दार लोटून घे, मी येते.*
*झाकलेलं खाऊन घे, मी येते.*
*काच पुसून बघ, राजा,*
*माग थांबला की मी येते.*

ताई खुर्चीच्या कडेला सरकली. शब्द न् शब्द ऐकू येत होता!

पुढच्या रांगेतले एक गृहस्थ कुरकुरले, “अहो, आवाज का येत नाही?”

“गप्प बसा हो, ऐकू द्या!” भोंगा गरजली आणि ढसाढसा रडू लागली. साऱ्या शेडच्या माना हलत होत्या, ओठ त्याच्याबरोबर हलत होते.

गाणं संपलं. तो तिथेच उभा राहिला. आता त्याचे ओठ फक्त तिच्याशी बोलत होते. “त्या दिवशी हेच लावलं होतं, ताई. दारात तेच म्हणालो, ‘ते गाणं तुझं होतं.’”

ताईने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

“झाकू नकोस, मला कसं कळणार?” त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. “मी गाणं सोडणार नाही. पण तू माग सोडायचास. आणि यंत्र लावायचंस. कबूल?”

तिने हात खाली घेतले. मान हलवली. एकदा... पुन्हा एकदा.

“मग थांब तिथेच,” तो म्हणाला. “मी येतो.”

मधल्या साऱ्या माणसांच्या डोक्यांवरून, काचेला नाक लावलेल्या त्या पोरासारखं मोठ्ठं तोंड करून, ताई म्हणाली,

“लवकर ये!”